प्रोबेटचे काम आणि वकील कोणाचा?

रक्षाविसर्जन आटोपते, आलेले पाहुणे परततात आणि मग केव्हातरी घरातली तिजोरी उघडली जाते. ठेवींच्या पावत्या, शेअरचे जुने दाखले, विम्याची कागदपत्रे यांच्यासोबत मृत्युपत्राचा लिफाफा निघाला की थोरल्या मुलाला हायसे वाटते. वडिलांनी सारे लिहून ठेवले, आता कुणी कुणाला विचारायचे उरले नाही, असे त्याला वाटते. कागदावर लिहिलेले आणि हातात पडलेले यांच्यामध्ये किती अंतर असते, हे त्याला पुढच्या महिन्याभरात बँक, सोसायटी आणि कोर्टाच्या पायऱ्या चढताना कळते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. असे घर जयसिंगपुरात, बारामतीत किंवा पुण्यातही असू शकते. वडील आणि थोरला मुलगा अशा दोघांच्या भागीदारीची पेढी. धाकटा मुंबईत नोकरीला, दादरला वडिलांच्या नावे असलेल्या सदनिकेत राहतो. बहीण बेळगावला दिलेली. बेळगाव जिल्ह्यातच थोडी वडिलोपार्जित शेती. आणि आई हयात. मृत्युपत्रानुसार पेढीतला हिस्सा थोरल्याला, सदनिका धाकट्याला, ठेवी आईला, मुलीला दागिने व काही रोख रक्कम, आणि ‘बोर्डिंगला’ पाच लाख रुपये. अंमलबजावणी करणारा, म्हणजे एक्झिक्युटर, थोरला मुलगा. मृत्युपत्राचा मसुदा पेढीच्या नेहमीच्या वकिलांनी केलेला आणि साक्षीदार दोन: तेच वकील आणि पेढीचे दिवाणजी. वरवर पाहता कागद चोख आहे. तरीही पुढे अडचणी याच तपशिलांतून उभ्या राहतात.

आरंभी कायदा कोणता, हे स्पष्ट असावे. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यापासून काही घरांत असा समज दिसतो की आपला वारसा कायदाही आता निराळा झाला. तसे नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांना स्पष्ट शब्दांत लागू आहे. त्याआधी न्यायालये जैनांच्या रूढी पुराव्याने सिद्ध झाल्यास मानीत. निपुत्रिक विधवेला पतीच्या संपत्तीवर हिंदू धर्मशास्त्रापेक्षा व्यापक अधिकार देणारी रूढी त्यांत विशेष गाजली. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी ‘जैन लॉ’ हा ग्रंथ १९२६ मध्ये लिहिला तो याच काळात. तो इतिहास अभिमानाचा आहे. आजच्या वाटणीत मात्र तो उपयोगी पडत नाही. मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे आणि मुली यांना समान हिस्सा मिळतो. मृत्युपत्र असेल तर स्वकष्टार्जित मालमत्ता आणि वडिलोपार्जित मालमत्तेतला स्वतःचा हिस्सा एवढ्याचीच व्यवस्था त्यात करता येते. २००५ ची दुरुस्ती आणि तिचा अर्थ लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल, यांनंतर वडिलोपार्जित शेतीत मुलगी जन्मतः सहदायाद आहे. त्या शेतीबद्दल वडिलांनी मृत्युपत्रात काहीही लिहिले, तरी मुलीच्या हिश्श्याला हात लागत नाही.

आता प्रोबेट. मृत्युपत्र खरे आहे, मृत व्यक्तीने शुद्धीत व स्वेच्छेने केलेले आहे आणि तेच अखेरचे आहे, यावर न्यायालयाने उमटवलेली मोहोर म्हणजे प्रोबेट. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम २१३ असे होते की मुंबई, कोलकाता व चेन्नई या महानगरांत केलेल्या, किंवा तेथील स्थावर मालमत्तेविषयीच्या हिंदू, जैन, बौद्ध व शीख व्यक्तींच्या मृत्युपत्राला प्रोबेटखेरीज न्यायालयात आधार घेता येत नसे. सांगलीत केलेल्या मृत्युपत्रात दादरची सदनिका असली की मुंबईची वाट धरावी लागे, ती यामुळे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायद्याद्वारे हे कलम वगळले. सक्ती गेली, प्रोबेटची सोय मात्र गेलेली नाही. वारसांपैकी एखाद्याने हरकत घेतली, मालमत्ता मोठी व अनेक ठिकाणी पसरलेली असली, किंवा खरेदीदाराला व त्याला कर्ज देणाऱ्या बँकेला निर्वेध कागद हवा असला, तर प्रोबेट घेणे आजही शहाणपणाचे ठरते. दुरुस्तीपूर्वीच दाखल झालेल्या अर्जाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक कुटुंबाने आपापल्या वकिलाला पहिल्याच भेटीत विचारायला हवा.

वकील हवा का, याबद्दल फारसा वाद नाही. वाद असतो तो कोणता वकील, आणि त्याहून अधिक, तो कोणाचा वकील, याबद्दल. व्यापारी घरांची सवय अशी की जो वकील पेढीची थकबाकी वसूल करून देतो, न वटलेल्या धनादेशांचे खटले चालवतो, बाजार समितीच्या नोटिसांना उत्तरे देतो, त्याच्याकडेच सारे काम जाते. विश्वास ही मोठी गोष्ट आहे. परंतु वसुलीचे काम आणि मृत्युपत्राचे काम यांत डोळ्यांच्या व हाडांच्या डॉक्टरांइतके अंतर आहे. मुंबई उच्च न्यायालयात मृत्युपत्रविषयक अर्जांसाठी स्वतंत्र विभाग आहे, त्याचे स्वतःचे नमुने आहेत, हरकती काढण्याची स्वतःची पद्धत आहे. तेथे नित्य काम करणारा वकील जो कागद एका फेरीत पुरा करतो, त्यासाठी नवख्याला चार फेऱ्या पडतात.

आपल्या काल्पनिक घरात आणखी एक अडचण आहे. पेढीच्या वकिलांनी मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली आहे. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात आणि ते न्यायालयात सिद्ध करताना हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला पुढे यावे लागते. बार कौन्सिलच्या आचारनियमांनुसार, ज्या प्रकरणात आपण साक्षीदार होऊ असे वकिलाला वाटण्यास कारण आहे, त्या प्रकरणात त्याने वकीलपत्र घेऊ नये. म्हणजे ज्या गृहस्थांवर घराचा सर्वांत अधिक भरवसा, तेच या कामात उभे राहू शकत नाहीत. उलट त्यांची साक्ष मोलाची असते. ती वकीलपत्राच्या मोहात गमावू नये. पुढे मृत्युपत्र करणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे की साक्षीसाठी मसुदा करणारा वकील नको, लाभ मिळणारा नातेवाईकही नको. आपल्यापेक्षा वयाने लहान, ओळखीचा आणि गाव सोडून न जाणारा माणूस असावा. शक्य तर घरचे डॉक्टर असावेत.

वकिलाचा शोध घेताना ‘अमक्याचे काम त्यांनी केले’ एवढ्यावर थांबू नये. महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलची त्यांची सनद पाहावी. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, नवे खाते उघडायला आलेल्या व्यापाऱ्याकडे बँकही कागद मागते. गेल्या काही वर्षांत प्रोबेटची किती प्रकरणे हाताळली, त्यांतली किती हरकतीविना निघाली आणि किती दाव्यात गेली, हे विचारावे. अर्ज कोणत्या न्यायालयात करणार, हेही विचारावे. कारण जिल्हा न्यायालयाने दिलेल्या प्रोबेटचा अंमल साधारणतः त्या राज्यापुरता असतो, तर उच्च न्यायालयाच्या प्रोबेटचा देशभर. मालमत्ता महाराष्ट्रात आणि शेती कर्नाटकात, अशा सीमाभागातल्या घरांना हा फरक अर्ज करण्यापूर्वीच कळला पाहिजे.

मानधनाबद्दल व्यापारी घरांत एक प्रथा दिसते ती येथे चालत नाही. ‘मालमत्तेच्या इतके टक्के घ्या, पण काम करून द्या’ असे आडतीच्या भाषेत बोलणे होते. खटल्याच्या निकालावर अवलंबून मानधन ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलाला आचारनियमांनी वर्ज्य आहे. टक्केवारीला जो चटकन राजी होतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. मानधन टप्प्यांनी ठरवावे: अर्ज दाखल होईपर्यंत इतके, नोटिसा व जाहीर प्रसिद्धीपर्यंत इतके, प्रोबेट हाती येईपर्यंत इतके, आणि हरकत येऊन अर्जाचा दावा झाला तर काय, हे निराळे. कोर्ट फी, प्रसिद्धी, नोटरी, प्रवास यांचा खर्च मानधनात धरलेला नाही, हेही त्याच कागदावर असावे. ज्या घरात एका पोत्याची आवक-जावक वहीत चढवल्याशिवाय दिवस संपत नाही, तेथे आयुष्याच्या मिळकतीचे काम तोंडी बोलीवर दिले जाते.

आता मुख्य प्रश्न. आपल्या घरातला थोरला एक्झिक्युटर आहे. त्याने मुंबईत वकील नेमला. तो वकील कोणाचा? घरातला प्रत्येक जण म्हणतो, ‘आमचा’. कायद्याने तो एक्झिक्युटरचा आहे. आईचा नाही, धाकट्याचा नाही, बेळगावच्या बहिणीचा तर नाहीच. एक्झिक्युटरने स्वतः मृत्युपत्राचा लाभ घेतलेला असतो तेव्हा ही गोष्ट अधिकच नाजूक होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगून ठेवले आहे की ज्याला मृत्युपत्रातून मोठा लाभ होतो त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र मांडणाऱ्यावर येते.

अशा वेळी बहिणीसमोर कागद येतात. प्रोबेटच्या अर्जात सर्व वारसांची नावे द्यावी लागतात, आणि जे वारस संमतीचे प्रतिज्ञापत्र देतात त्यांना नोटीस काढावी लागत नाही. काम लवकर होते. म्हणून थोरला बेळगावला फोन करतो: ‘अक्का, नुसती सही आहे, रविवारी येऊन जा.’ अक्का येते. जेवणे होतात, वडिलांच्या आठवणी निघतात, आणि मग टेबलावर दोन कागद ठेवले जातात. पहिल्यात लिहिलेले असते की मृत्युपत्राला प्रोबेट मिळण्यास माझी हरकत नाही. दुसऱ्यावर ‘हक्कसोडपत्र’ असे शीर्षक असते. पहिल्या सहीने ती एवढेच म्हणते की वडिलांचे मृत्युपत्र खरे आहे हे मला मान्य. दुसऱ्या सहीने शेतीतला तिचा जन्मसिद्ध हिस्सा जातो. तोंडाने दोन्हींना ‘सही’ असेच म्हणतात. सणावाराला माहेरी येणारी बहीण भावाने पुढे केलेला कागद वाचत नाही. वाचणे हाच अविश्वास, असे तिला आणि घराला दोघांनाही वाटते.

चांगला वकील येथे ओळखू येतो. तो बहिणीला समोर बसवून सांगतो, ‘ताई, मी तुमच्या भावाचा वकील आहे, तुमचा नाही. हा दुसरा कागद तुम्ही तुमच्या वकिलाला दाखवा, मग सही करा.’ थोरल्याला ते ऐकताना वाईट वाटेल. पण पाच वर्षांनी तीच बहीण, किंवा तिची मुले, ‘न वाचता सही घेतली’ असा दावा घेऊन उभी राहिली, तर ते वाईट वाटणे स्वस्तच म्हणावे लागेल. सहीपूर्वी आठ दिवस कागदाची प्रत बहिणीच्या घरी पाठवणे, आणि तिच्या वकिलाच्या सल्ल्याचे मानधन इस्टेटीतून देण्यास सर्वांनी मान्यता देणे, हा खर्च प्रोबेटच्या एकूण खर्चात किरकोळ असतो. पेढ्यांनी तो आवर्जून करावा.

हक्क सोडायचा की नाही, हा बहिणीचा प्रश्न आहे. अनेक बहिणी सोडतात, स्वेच्छेने आणि समाधानाने. न वाचता सोडला गेलेला हक्क मात्र मनातून सुटत नाही आणि पर्युषणात परस्परांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना तो दोघांनाही आठवतो.

संमती दिलेली नसलेल्या वारसांना न्यायालय नोटीस काढते. कुणी कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली की अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि मग साक्षी-पुरावे, उलटतपासणी, अपिले. हे किती लांबू शकते याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. प्रियंवदा बिर्ला यांचे १९९९ चे मृत्युपत्र २००४ मध्ये त्यांच्या निधनानंतर कोलकात्यात वादात सापडले. ज्यांच्या लाभात ते होते ते चार्टर्ड अकाउंटंट राजेंद्र सिंह लोढा २००८ मध्ये निवर्तले, तरी पुढेही बरीच वर्षे तो वाद न्यायालयांत चालूच राहिला. सर्वांत नामांकित वकील दोन्ही बाजूंना असणे हा लवकर निकालाचा उपाय नव्हे, एवढे त्यातून दिसते.

वकिलाने पहिल्याच बैठकीत स्पष्ट करावे असे आणखी काही आहे. प्रोबेट न्यायालय मालकीचा निवाडा करत नाही. पेढीची जागा वडिलांची स्वतःची की हिंदू अविभक्त कुटुंबाची, हा वाद प्रोबेटने मिटत नाही; त्यासाठी दिवाणी दावा निराळा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीतही १४ डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी निकालात सांगितले आहे. बँकेच्या ठेवींबाबत ते आधीपासूनच आहे. धाकटा दादरच्या सोसायटीत नॉमिनी असला, तरी सदनिका त्याला मिळते ती मृत्युपत्रामुळे, नामनिर्देशनामुळे नाही. आईच्या ठेवींवर नॉमिनी थोरला असला, तर त्याने रक्कम घेऊन ती आईला द्यायची आहे.

मुखत्यारपत्राबद्दलही घरोघरी गैरसमज असतो. वडील आजारी असताना दिलेले मुखत्यारपत्र त्यांच्या मृत्यूबरोबर संपते. त्यानंतर त्या अधिकारावर काढलेला धनादेश, मग तो हमालांच्या मजुरीसाठी का असेना, अवैध आहे. बँकेला मृत्यू कळताच खाते थांबवावे लागते. पेढी तर आणखी अडचणीत येते. दोनच भागीदार असतील तर एकाच्या मृत्यूने भागीदारी संपते, करारात काहीही लिहिलेले असो, कारण एकट्याची भागीदारी नसते. नवी घटना, जीएसटीची नवी नोंदणी, शिल्लक कर-वजावट नव्या नोंदणीकडे नेण्याचा अर्ज, कॅश क्रेडिटची नवी कागदपत्रे ही कामे प्रोबेटची वाट पाहत थांबवता येत नाहीत. प्रोबेटचा वकील आणि पेढीचे चार्टर्ड अकाउंटंट यांना पहिल्या पंधरवड्यात एका टेबलाशी बसवावे. नाहीतर एक जण ‘प्रोबेट येऊ द्या’ म्हणतो आणि दुसरा ‘पेढी चालू द्या’ म्हणतो.

राहिले बोर्डिंगचे पाच लाख. कोणते बोर्डिंग? दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ ची. तिच्या आणि इतर संस्थांच्या प्रेरणेने या भागात अनेक विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली आणि सर्वांना घरात ‘बोर्डिंग’ असेच म्हणतात. वडील ज्या बोर्डिंगात शिकले ते त्यांच्या मनात होते; कागदावर नाव नाही. विश्वस्त संस्थेचे धर्मादाय नोंदणीचे पूर्ण नाव लिहिले असते, तर एक ओळ पुरली असती. आता एक्झिक्युटरने वकिलाकडून लेखी मत घ्यावे, वारसांची संमती घ्यावी आणि रक्कम पावतीने द्यावी. ‘नंतर देऊ’ म्हणून राहिलेले धर्मादाय पैसे पेढीच्या खेळत्या भांडवलात मिसळले की बाहेर निघत नाहीत, हे सांगायला नको.

प्रोबेट मिळाल्यावरही एक्झिक्युटरची सुटका नसते. कायद्याने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. यासाठी ‘इस्टेट’ या नावाने बँकेत वेगळे खाते उघडावे. ठेवी, लाभांश, भाडे त्यातच यावे, आणि कोर्ट फीपासून बोर्डिंगच्या देणगीपर्यंत सारे त्यातूनच जावे. ज्या घरात हे खाते असते तेथे बहिणीला हिशेब विचारण्याचा संकोच होत नाही आणि भावाला तो दाखवण्याचाही.

वकिलाकडे दिलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी दोन प्रतींत करून एकीवर पोच घ्यावी. मूळ मृत्युपत्र न्यायालयात जमा होते, ते घरी परत येत नाही. त्यामुळे दाखल करण्यापूर्वी त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात आणि मग हवे तेव्हा प्रमाणित नक्कल घ्यावी. मानधन थकले म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवले आहे. वकील बदलायचा झाल्यास आधीचे मानधन चुकते करून त्याचे ना-हरकत पत्र घ्यावे, आणि सातबारा, खरेदीखत, सोसायटीचा भागदाखला, ठेवींच्या पावत्या त्या यादीशी एकेक ताडून घरी आणाव्यात. ती यादी मृत्युपत्राच्या प्रतीसोबत तिजोरीतल्या त्याच लिफाफ्यात ठेवावी.